सागाचा भाव बघणारे इंटरमास्तर

सागाच्या लिलावाला जंगल खात्याच्या कचेरीसमोर जी माणसं जमत, त्यांत एक माणूस असा असे की ज्यानं उभ्या जन्मात एकदाही बोली लावली नाही. अंगात काळा लांब कोट, डोक्याला रुमाल, काखेत छत्री. तो अगदी मागच्या रांगेत उभा राही, आणि बोली चढू लागली की त्याची छत्रीवरची मूठ आवळत जाई. भिवंडीकडून येणाऱ्या ठेकेदारांना पहिली काही वर्षं वाटायचं, हा कोणा बड्या व्यापाऱ्याचा हेर असावा. एकानं तर त्याला बाजूला घेऊन विचारलंही, की तुम्ही कोणासाठी आलात? "पोरांसाठी," असं उत्तर मिळालं. ठेकेदाराला वाटलं, पोरांसाठी घर बांधायचं असेल. त्यानं मोठ्या आपुलकीनं, तुळयांसाठी कोणत्या कूपातली, म्हणजे तोडणीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्यातली, झाडं सरळ आहेत ते सांगितलं. त्या माणसानंही ते नीट ऐकून घेतलं.

हे आमचे इंग्रजीचे मास्तर. त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपत्रकात होतं, पण जव्हारात ते कोणी घेत नसे. सगळे त्यांना इंटरमास्तर म्हणायचे. त्या काळी मॅट्रिकनंतर एक वर्ष प्रीव्हियसचं, एक इंटरचं, आणि मग दोन वर्षांनी बी.ए. मास्तर इंटर पास होऊन पुढच्या वर्गात गेले होते आणि तिथूनच परत आले होते. गावात कोणी लंगडा असला की त्याला जसं लंगडा म्हणतात, तितक्याच सहजपणे लोक त्यांना इंटर म्हणायचे, आणि तेही त्या नावाला ओ द्यायचे.

ते परत का आले, हे समजायला आमच्या जव्हार संस्थानाचा संसार समजून घ्यायला हवा. मुलूख सगळा डोंगराचा. खाचरात भात आणि वरकस उतारावर नागली पिकवणाऱ्या माणसाकडून शेतसारा तो किती यायचा? जे काही यायचं ते जंगलातून, सागातून. त्यातून नोकरांचे पगार, रस्ते, दवाखाना, शाळा, आणि सगळ्यात शेवटी, उरलं तर, कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती. दरबार हात आखडता घेई असं मी म्हणणार नाही. असलं तर दिलं जाई, पण ती शिष्यवृत्ती एका वर्षापुरतीच मंजूर होई. दिवाळीनंतर लिलाव व्हायचा, किती आलं ते कळायचं, आणि मग पुढच्या वर्षाचं ठरायचं. म्हणजे शिक्षण चार वर्षांचं आणि भरवसा एका वर्षाचा.

मास्तर कॉलेजात असताना मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, नवी घरं बांधायचं कोणाच्या डोक्यात येईना, आणि लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्या वर्षी आमच्याकडचे कूप कवडीमोलानं गेले. मास्तरांना एक कागद गेला आणि ते बिछाना गुंडाळून घरी आले. पण ही गोष्ट रडून सांगायची त्यांची पद्धत नव्हती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मुंबईत उंदीर मेले आणि त्यांच्याबरोबर माझं बी.ए. मेलं." मग स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो. हसू नये हे कळायचं वय नव्हतं ते.

शेवटच्या वर्षाची दोन पुस्तकं त्यांनी आधीच घेऊन ठेवलेली होती. त्या वेळच्या विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची, ती सुरीनं कापून वाचावी लागायची. मास्तरांच्या त्या दोन पुस्तकांची पानं तशीच जोडलेली होती. एकदा मी सुरी घेऊन कापायला बसलो, तर त्यांनी शांतपणे पुस्तक काढून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

मुलांना ते नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. "साखरशेत, उभा राहा." "खोडाळा, तुझं तोंड खिडकीकडं का?" मी जामसर होतो. जव्हारचाच असलेला विष्णू, त्याचे वडील दरबारच्या कचेरीत कारकून म्हणून, तो कचेरी. अख्ख्या गावाचं नाव आपल्या डोक्यावर आल्यामुळं चूक करायची चोरी व्हायची. माझं स्पेलिंग चुकलं की जामसरच्या साऱ्या लोकांचं चुकलं, असं मला वाटायचं. घरी आमची बोली वेगळी, बाजारातली मराठी वेगळी, शाळेतली त्याहून वेगळी, आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी. तीन पायऱ्या चढून दमलेल्या पोराला चौथी चढवायची, तीही न रागावता, हे काम ते करायचे.

शाळा इंग्रजी पाचवीपर्यंतच होती. पुढच्या दोन इयत्ता मास्तर आपल्या घराच्या ओटीवर शिकवायचे, फुकट, आणि मुलगा तयार झाला की त्याला बाहेरून मॅट्रिकला बसवायचे. फॉर्मवर सही हेडमास्तरांची लागे, पण मास्तरांना विचारल्याशिवाय हेडमास्तर दौतीत टाक बुडवत नसत. दर एक-दोन वर्षांआड एखादा मुलगा त्या ओटीवरून पुढं जायचा. कोणी प्रीव्हियसला अडायचा, कोणी इंटरला. बुद्धी कमी पडली म्हणून परत आलेला मी एकही पाहिला नाही. सागाचा भाव उतरला की पोरगं परत यायचं, आणि भाव असा की चढायला दोन वर्षं आणि उतरायला एक दिवस.

म्हणून मास्तरांना तो नाद लागला होता. कचेरीत येणारं मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र शिळं झालं की ते मागून आणायचे आणि शेवटून वाचायला लागायचे, कारण बाजारभाव तिथं असायचे. बंदरात कोणती गलबतं लागली, कोणत्या गिरणीची इमारत चढते आहे, कुठं रेल्वेचा नवा फाटा निघतो आहे, हे सगळं ते आमच्याकडून भाषांतर करून घ्यायचे. वाघाला इंग्रजीत काय म्हणतात हे कळण्याआधी आम्हाला सागाला काय म्हणतात हे पाठ होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हुशारीला काय तोटा आहे रे? ती दर घरात आहे. वेळ साधली पाहिजे."

शाळेची पाचवी संपल्यावर माझा बाप मला त्यांच्या हवाली करायला आला तेव्हा नागलीचं गाठोडं खांद्यावर घेऊन आला होता. ओटीवर बसायला तो तयार होईना, खाली अंगणातच उकिडवा बसला. मास्तरही मग पायरीवर उतरून बसले. बापानं एकच विचारलं, "मास्तर, पोऱ्या तुमचा. पण ह्याचं शिकणं किती पावसाळ्यांत सरल?" मास्तरांनी बोटं मोजली. दोन इथले, मग मॅट्रिक, मग मुंबईचे चार. "पण ते चारही चांगले जायला हवेत," असं म्हणाले. बाप हसला. "पावसाळं कुठं आपल्या हातात हायेत," म्हणाला आणि उठला.

मास्तरांच्या घरी मूलबाळ नव्हतं. मास्तरीणबाईंनी मला शाळेमागच्या खोलीत चूल मांडून दिली आणि भाकरी थापायला शिकवलं. माझ्या भाकऱ्या पाहून त्या म्हणायच्या की एवढ्या वेड्यावाकड्या भाकऱ्या खाऊन सरळ इंग्रजी कसं येणार? पण सणावाराला पान वाढून हाक मारायच्या. त्या घरानं मला उपरं वाटू दिलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगायचं आहे ते ऐकताना हे विसरू नये.

विष्णू आणि मी बरोबरीनं तयार झालो. मास्तरांच्या घरच्या चाचण्यांत कधी तो पुढं असायचा, पण बहुतेक वेळा मीच. मी बढाई मारत नाही, वह्या होत्या. आणि त्याच वर्षी श्रावणाच्या सुमारास जर्मन लढाई पेटली. मुंबईच्या बंदरातली गलबतं अडकली, व्यापाऱ्यांनी पैसा दाबून धरला. दिवाळीनंतरच्या लिलावाला चार-दोन ठेकेदार आले, तेही हात मागं बांधून उभे राहिले. मास्तर त्या दिवशी परत आले ते थेट ओटीवर न येता मागच्या दारानं घरात गेले. आम्ही दोघं पुस्तकं उघडून वाट बघत बसलो होतो. शेवटी मास्तरीणबाईंनी येऊन सांगितलं, आज शिकवणी नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, या वर्षी तू बसू नकोस, तुझं गणित कच्चं आहे, एक वर्ष घाल त्यात. मला शंका यायला हवी होती. आठवड्यापूर्वीच त्यांनी माझ्या बीजगणिताच्या वहीवर "उत्तम" लिहिलं होतं. पण डोंगरातल्या पोराला आपण कच्चे आहोत हे पटायला फार वेळ लागत नाही. मी मान डोलावली. विष्णूलाही त्यांनी असंच काहीतरी सांगितलं असावं, पण त्याचे वडील कचेरीतले. ते येऊन हेडमास्तरांसमोर बसले आणि सही घेऊनच उठले. विष्णू परीक्षेला बसला, पास झाला, आणि त्या पडत्या सालातही दरबारानं एक शिष्यवृत्ती कशीबशी काढलीच. उमेदवार तो एकटाच होता.

मी वर्षभर गणित घासलं. सोडवलेली गणितं पुन्हा सोडवली. मास्तर समोर बसायचे, वही बघायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. त्यांच्या आवाजात तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं होतं, ते मला वाटायचं माझ्याबद्दलची निराशाच आहे. दरम्यान लढाईचं वेगळंच झालं. सरकारला फौजेसाठी लाकूड हवं झालं, पेट्यांना, होड्यांना, रेल्वेला, कशाकशाला. पुढच्या लिलावाला पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. मास्तरांचा आडाखा साफ उलटा पडला होता, पण त्या दिवशी ते खुशीत दिसले. मी मॅट्रिक झालो आणि शिष्यवृत्ती मला लगेच मिळाली. विष्णूच्या मागे एक वर्ष, एवढंच.

मुंबईची पहिली दोन वर्षं चांगली गेली. गिरगावात चौघांत एक खोली, खाणावळीचं जेवण, आणि दर दिवाळीनंतर मास्तरांचं एक कार्ड. त्यावर खुशाली दोन ओळी आणि लिलावाची बातमी चार ओळी. कार्ड आलं की मी पुढच्या वर्षाचा श्वास घ्यायचो. विष्णू एक इयत्ता पुढं असल्यामुळं त्याच्या टिपणांवर माझं भागायचं. तो मनाचा सरळ मुलगा होता आणि या साऱ्यात त्याचा काडीचा दोष नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस फिरला. भात लोंबीतच वाळलं. पाठोपाठ मानमोडीच्या तापाची साथ आली. दसऱ्याच्या आसपास माझा बाप तीन दिवसांच्या तापात गेला. मी जामसरला पोहोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. आई आणि धाकटी बहीण भिंतीला टेकून बसलेल्या. बहिणीच्या अंगात अजून ताप होता. आमच्या पाड्यावर प्रेत उचलायला चार धड माणसं मिळाली नाहीत, असं आईनं सांगितलं. चुलत्याच्या भरवशावर दोघींना सोडून मी परत गेलो, कारण त्या वर्षाची शिष्यवृत्ती मंजूर होती आणि पुढचं एकच वर्ष उरलं होतं. त्या दिवाळीनंतर मास्तरांचं कार्ड आलं नाही.

ते स्वतःच आले. माझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, छत्री आणि एक पिशवी घेऊन दारात उभे. डहाणूपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. बिछाना गुंडाळून गेल्यानंतर ते मुंबईत पहिल्यांदा पाऊल टाकत होते. मी म्हटलं, चला, आधी कॉलेज दाखवतो. फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. आत चला म्हटलं तर म्हणाले, इथूनच दिसतंय. मग आम्ही समुद्राकडच्या कठड्यावर जाऊन बसलो, आणि तिथं त्यांनी सांगितलं. साथीत तोडणीला माणूसच उरला नव्हता, कूप उभेच राहिले, ठेकेदार फिरकले नाहीत. जे थोडंफार होतं ते लोकांना धान्य देण्यात गेलं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती नाही. परीक्षा होईपर्यंत ते हे पोटात ठेवून थांबले होते.

लोकांना धान्य दिलं यावर मी काय बोलणार? त्यातलं माझ्या आईनंही खाल्लं होतं. मी म्हटलं, शिकवण्या करीन, रात्रीचं कुठं काम धरीन. मास्तरांनी विचारलं, आणि आई? बहीण? खाचर कोण लावणार? तेही खरंच होतं. विष्णूनं नुकतीच बी.ए.ची परीक्षा दिली होती आणि तो पास होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, की सगळा दोष माझाच. माझं गणित तेव्हा कच्चं राहिलं नसतं तर मी त्याच्याबरोबरच आलो असतो, आणि आज मीही सुटलो असतो.

मास्तरांनी तोंड समुद्राकडं वळवलं. मग म्हणाले, "तुझं गणित कच्चं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही.

"तू विष्णूच्या पुढं होतास. बसला असतास तर ती शिष्यवृत्ती तुलाच मिळाली असती. मी भाव बघितला आणि घाबरलो. या वर्षी जो जाईल तो माझ्यासारखा अर्ध्या वाटेतून परत येईल, असं मला वाटलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून गणिताचं निमित्त केलं."

चार वर्षं मी स्वतःला कच्चा समजत होतो. वर्गात आकडेमोड आली की माझी मान खाली जायची. आणि हा माणूस, ज्यानं मला इंग्रजीचं पहिलं अक्षर शिकवलं, तो मला सांगत होता की ते खोटं होतं, आणि त्या खोट्यासाठी माझं ते एक वर्ष गेलं होतं, आणि आता नेमकं तेच एक वर्ष कमी पडत होतं. त्यांनी ते माझ्या भल्यासाठी केलं होतं हे मला तिथं बसल्या जागी कळत होतं. म्हणूनच मला जास्त संताप आला. दुष्टाव्यानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, "मास्तर, यापुढं कोणाला मॅट्रिकला बसवू नका."

त्यांनी नुसती मान हलवली. मोठ्या माणसानं बजावलं म्हणजे लहान मूल हलवतं तशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच गाडीनं परत निघालो. डहाणूपासून जव्हारपर्यंत एकाच बैलगाडीत बसलो, ते पुढं गाडीवानाशेजारी आणि मी मागं माझ्या बिछान्यावर. घाटात बैल थकले तेव्हा दोघंही उतरून चाललो. सबंध वाटेत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. जव्हार आलं तेव्हा त्यांनी पिशवीतून मास्तरीणबाईंनी माझ्यासाठी दिलेले नागलीचे लाडू काढून पुढं केले. ते मुंबईत द्यायचे राहून गेले होते. मी ते घेतले, पण नमस्कार केला नाही.

शिकलेला होतो म्हणून जंगल खात्यात कारकुनी मिळाली, आणि विनोद असा, की लिलावाच्या दिवशी बोल्या लिहून घ्यायचं काम माझ्याकडंच आलं. पहिल्या लिलावाला मी मागच्या रांगेकडं मुद्दाम बघितलं नाही. नंतर बघितलं. मास्तर नव्हते. पुढच्या वर्षीही नव्हते. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं बरंही वाटलं. रस्त्यात भेटले तर मी हात जोडून पुढं सटकायचो. ते थबकायचे, काहीतरी विचारायला तोंड उघडायचे, तोवर मी पुढं गेलेला असायचो. असं सात-आठ वर्षं चाललं. विष्णू तिकडं खालसा मुलखात, इंग्रज सरकारच्या नोकरीत, मोठ्या हुद्द्यावर गेला. तो आमच्या शाळेचा पहिला बी.ए. त्याचा सत्कार झाला तेव्हा मास्तरांनीच त्याच्या गळ्यात हार घातला आणि मी मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या.

मग एक वर्ष असं आलं, की मुंबईत बांधकामांची झुंबड उडाली आणि आमच्याकडचा साग हातोहात गेला. बोल्या लिहिता लिहिता माझा हात दुखला. दरबारानं मोठ्या मनानं त्या वर्षी दोन शिष्यवृत्त्या काढल्या, आणि कधी नव्हे ते, चारही वर्षं दिल्या जातील असं कागदावर लिहून दिलं. मास्तरांनी ज्याची जन्मभर वाट बघितली ते हेच. हुकुमाची नक्कल करायचं काम माझ्याकडं आलं होतं, ती घेऊन मी स्वतः शाळेत गेलो. हेडमास्तर आता नवे होते. त्यांनी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, पण द्यायच्या कोणाला? मी म्हटलं, मॅट्रिकचा कोणी असेलच की. ते म्हणाले, आपल्याकडं पाचवीनंतर वर्ग नाही, पूर्वी इंटरमास्तर घरी शिकवायचे म्हणे, पण त्यांनी ते केव्हाच सोडलं.

केव्हा सोडलं, हे मी त्यांना विचारलं नाही. मला ठाऊक होतं. फक्त इतकी वर्षं जव्हारात राहून, त्या ओटीवरून रोज जाऊन-येऊन, ती रिकामी आहे हे मला दिसलं नव्हतं.

मी तसाच मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरीणबाई दारात होत्या. त्यांनी आत ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. मास्तर दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते, मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा मी कोणाला विचारलं नव्हतं. मी दारातच उभा राहून म्हटलं, मास्तरांनी शिकवणी बंद का केली? त्या म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना. मुंबईहून आले ते हेच म्हणाले, की जामसरनं सांगितलंय, कोणाला बसवायचं नाही. आणि त्याचा तेवढा हक्क आहे."

मग त्यांनी खोडाळ्याच्या एका मुलाचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बापाबरोबर चालत आला होता. फार तल्लख होता म्हणे. दोघं बापलेक दोन दिवस पायरीवर बसून होते. मास्तर दार लावून आत बसले, जेवले नाहीत, पण बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते दोघं उठून गेले. तो मुलगा हल्ली कूप तोडणीवर जातो, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

आत मास्तर खाटेवर होते. अंगाची नुसती काडी झाली होती. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असं दिसलं नाही. जणू मी रोजच येत होतो. मी बसलो. दुसरं काही सुचेना म्हणून लिलावाचं सांगायला लागलो. कोणत्या कूपाला किती बोली गेली, कोण कोण आलं होतं, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मध्येच एखादा प्रश्न विचारत होते, अगदी नेमका. मग मी शिष्यवृत्त्यांचं सांगितलं.

"दोन?" त्यांनी डोळे उघडले.

"दोन. आणि चारही वर्षं."

त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "पोरं कोण आहेत?"

ते माझ्याकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांना आठवलं. तो उजेड गेला. त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि म्हणाले, "तू म्हणालास ते बरोबरच होतं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं, की ते रागाच्या भरात बोललो होतो, बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचा राग तो, तुम्ही तो एवढा खरा कसा मानलात? मला सांगायला हवं होतं, की तुम्ही मला तीन वर्षं मुंबई दाखवलीत, ती काय कमी होती? शब्द तोंडापर्यंत आले होते. मी म्हटलं ते एवढंच, की औषध वेळेवर घेत चला. आणि उद्या येतो म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी मला मोजणीसाठी मोखाड्याकडं जावं लागलं. परत आलो तेव्हा मास्तर गेले होते.

नक्कल पावसाळ्यापर्यंत शाळेच्या फळ्यावर लावलेली होती. नंतर त्या दोन्ही शिष्यवृत्त्या कोणी अर्जदार नाही म्हणून रद्द झाल्या, आणि त्याचा शेराही मलाच लिहावा लागला. पुढच्या दोन वर्षांत भाव पुन्हा बसला तो बसलाच.

मी पुढं ओटीवर मुलं बसवायचा प्रयत्न केला. पण माझं इंग्रजी तोवर बोल्या आणि मापं लिहिण्यापुरतंच उरलं होतं, आणि मला मास्तरांसारखं रागावल्याशिवाय शिकवता येत नव्हतं. दोन मुलं आली आणि गेली. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली. बाहेरून शिकलेसवरलेले लोक येतात, इकडच्या डोंगरातली मुलं कॉलेजपर्यंत का पोचत नाहीत याची चौकशी करतात. कोणी म्हणतं पैसा नाही, कोणी म्हणतं गरिबांना शिक्षणाची गोडी नाही. सगळे माझ्याकडं बघतात, म्हातारा माणूस, याला ठाऊक असेल. मी म्हणतो, असेल बुवा तसंही काही. त्यांना काय सांगू? एका वर्षी इथं पैसा होता, भाव होता, चार वर्षांचा लेखी भरवसा होता, आणि खोडाळ्याला एक तल्लख मुलगा होता. फक्त त्याला शिकवणाऱ्या माणसाला मी गप्प बसवलं होतं.